बारा तारा आणि एक बुधला

लग्न रविवारवर येऊन ठेपलं होतं, आणि सोमवारी सकाळी कुदळ खांद्यावर टाकून द्राक्षमळ्यात उतरलेल्या गोनारिओच्या लक्षात आलं, की बुधला नेमका कुठे पुरलाय ते आपल्याला आठवत नाही.

बुधला साधासुधा नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याची मुलगी बोनारिया जन्मली, त्या आठवड्यात त्याच्या बापाने, म्हणजे म्हाताऱ्या आंतिओकोने, द्राक्षांच्या चोथ्याची आपली शेवटची भट्टी लावली. पहिल्या धारेची पाच लिटर दारू वेताच्या जाळीतल्या काचेच्या बुधल्यात भरली, बूच ठोकलं, त्यावर लाख ओतली आणि लाख ओली असतानाच आपला अंगठा दाबला. "पोरीच्या लग्नात फोड. त्याआधी हात लावलास तर वर येऊन कान उपटीन," असं बजावून म्हातारा त्याच हिवाळ्यात गेला. गोनारिओने बुधला मळ्यात पुरला, त्याच्या गळ्याला लोखंडी तार बांधली आणि तारेचं टोक बोटभर जमिनीवर राहू दिलं. बेटावरच्या या डोंगराळ सेर्रालाई गावात दारू अशीच ठेवतात. पूर्वी डोंगरात अबकारीवाले झडती घ्यायला येत, तेव्हा बुधले मातीखाली जात आणि मागे नुसतं तारेचं टोक उरे. त्यावरून त्या दारूचं नावच मुळी 'लोखंडी तार' पडलं. आता अबकारीवाले फिरकत नाहीत, पण लागलेली सवय काही सुटत नाही.

आता तार सापडत नव्हती असं नाही. तारा सापडत होत्या. चांगल्या बारा.

याला कारण बोएले. बोएले म्हणजे गोनारिओचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला दारूचा वास दोन डोंगर ओलांडून येतो अशी त्याची ख्याती होती. एक तार पुरली तर हा पठ्ठ्या आठ दिवसांत ती उपटणार, हे गोनारिओने त्याच वेळी ओळखलं. म्हणून त्याने मळाभर आणखी अकरा खोट्या तारा लावल्या. बोएलेने ओढून बघितली तर कळू नये म्हणून प्रत्येक खोट्या तारेखाली दोन हात खोल खड्डा खणून एकेक मोठा धोंडा बांधून पुरला. कामात कसूर करणं गोनारिओच्या रक्तातच नव्हतं. खरी तार कोणती, तर अंजिराच्या झाडापासून मोजत गेलं की सातवी. आणि अंजिराचं झाड अकरा वर्षांपूर्वी वादळात मुळासकट उपटून दरीत गेलं होतं.

"वहीत लिहून ठेवायला काय झालं होतं?" बायको बात्तिस्तिनाने विचारलं. ती आणि शेजारणी लग्नासाठी कुलुर्जोनेस करत बसल्या होत्या. बटाट्याचं आणि मेंढीच्या चीजचं सारण भरायचं आणि गव्हाच्या कणसासारखी मुरड घालायची, तीही हजारभर नगांना. पिठाने हात कोपरापर्यंत माखलेले.

"अगं, लिहिलं असतं तर तुझ्या भावाने वाचलं नसतं का?"

"माझ्या भावाला वाचता कुठे येतं धड! आणि एवढा जीव कशाला टाकताय त्या बुधल्यावर? मामंजींनी हातात घेतलेली भरलेली बाटली भरलेलीच खाली ठेवल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही."

"अब्रूचा प्रश्न आहे, बात्तिस्तिना."

तो खरोखरच अब्रूचा प्रश्न होता. साखरपुड्याच्या जेवणात, मेंढीच्या चीजचं दुसरं ताट संपत असताना, गोनारिओने आपल्या बुधल्याची कहाणी नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून सांगितली. ती ऐकून व्याही प्रिआमो मिशीतल्या मिशीत हसला होता. प्रिआमो पलीकडच्या डोंगरावरच्या पेर्दासोले गावचा. त्या गावाचं आणि सेर्रालाईचं कुरणांवरून, मध्यंतरी एका घंटेवरून, आणि कारण नसेल तेव्हा उगीचच, तीनशे वर्षं पटलेलं नव्हतं.

"व्याही, बुधला मीही पुरलाय की," प्रिआमो म्हणाला होता. "आमचा मुलगा गाविनो जन्मला तेव्हा. स्वतः गाळलेली आहे. असं करू, लग्नाच्या दिवशी दोन्ही बुधले एकाच मेजावर ठेवू. तुमची मी चाखतो, माझी तुम्ही चाखा. दोन्ही गावांसमोर. मग कळेल कोणाच्या गावाला दारू गाळता येते ते."

"ठरलं!" असं म्हणून गोनारिओने मेजावर मूठ आपटली होती. शब्द गेला तो गेला.

म्हणून आता खणणं आलं. गोनारिओने आधी एकेक तार ओढून पाहिली. गंजून गेलेल्या तारा जमिनीच्या वरच कटाकट तुटल्या. मग त्याने पहिली जागा खणली. दोन हात खोल गेल्यावर धोंडा लागला. दुसरी जागा खणली. तिथेही धोंडा. कंबर धरून तो बांधावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं की एकट्याच्या जिवावर हे रविवारपर्यंत होणं नाही. विश्वासातला माणूस हवा होता. पण अशा वेळी रिकामा असणारा माणूस सेर्रालाईत एकच होता, आणि तो बोएले होता.

बोएलेने सगळी हकिगत शांतपणे ऐकली. मग त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे भावोजी, एकट्या माझ्यासाठी तुम्ही अकरा धोंडे पुरलेत?"

"हो. आणि माफी मागायची माझी तयारी नाही."

"माफी कसली! एवढा विचार माझ्या बापानेही कधी माझा केला नाही." डोळे पुसून बोएलेने फावडं उचललं. तिसऱ्या खड्ड्यापाशी मात्र तो थबकला. हवेत नाक वर करून त्याने इकडून तिकडे हुंगलं. "भावोजी, एक सांगू का? राग मानू नका. या मळ्यात दारू नाहीये."

"खण!"

"नाही, म्हणजे मला वास आला असता. सत्तावीस वर्षं मी या वाटेने जातोय. कधीच आला नाही."

"लाख पक्की आहे, बापाच्या अंगठ्याची. तुझ्या नाकाला फसवायलाच ती लावलेली होती. खण मुकाट्याने!"

बुधवारी संध्याकाळपर्यंत आठ खड्डे झाले आणि आठ धोंडे निघाले. काढणीला आलेली द्राक्षं डोक्यावर लोंबत होती आणि खाली जमीन रानडुकरांचा कळप येऊन गेल्यासारखी उकरलेली. गुरुवारी सकाळी दोघं नववा खड्डा खणत असताना बांधावर कोणीतरी खाकरलं. पाहतात तर प्रिआमो! लग्नात भाजायला डुकराची दोन पिल्लं घेऊन तो आला होता आणि बात्तिस्तिनाने भाबडेपणाने सांगितलं होतं, "हे ना? मळ्यात आहेत."

प्रिआमोने खड्ड्यांकडे पाहिलं. ओळीने काढून ठेवलेल्या धोंड्यांकडे पाहिलं. मग गोनारिओकडे पाहिलं.

"काय व्याही, काही हरवलं का?"

आता खरं सांगायचं म्हणजे आपल्या बापाची दारू आपल्यालाच सापडत नाही असं पेर्दासोलेच्या माणसाला सांगायचं. त्यापेक्षा खड्ड्यात उडी घेतलेली बरी. गोनारिओच्या तोंडून निघून गेलं, "हरवलं कसलं! सापडलंय. हे धोंडे बघा. जुने आहेत. फार जुने. आपल्या पूर्वजांचे, बेटावरचे दगडी बुरूज बांधणाऱ्यांचे."

"अरेच्चा! तीन हजार वर्षांपूर्वीचे?"

"निदान," बोएले म्हणाला. त्याला गप्प बसता येत नाही हा त्याचा जुना दोष होता.

प्रिआमो गंभीर झाला. टोपी काढून तो धोंड्यांभोवती एक फेरी मारून आला आणि तडक निघून गेला. गोनारिओला वाटलं, वाचलो. पण बेटावरच्या माणसाला दोन गोष्टींचा अतोनात अभिमान असतो, आपल्या मेंढ्यांचा आणि आपल्या पूर्वजांचा. पेर्दासोलेला परतल्याबरोबर प्रिआमोने पुरातत्त्व खात्याला फोन लावला. व्याह्यावर उपकार केल्याचं समाधान त्याच्या आवाजातून ओसंडत होतं, असं पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं.

शुक्रवारी नऊ वाजता पांढरी गाडी आली. गाडीतून पुरातत्त्व खात्याच्या डॉक्टर देस्सी उतरल्या. पन्नाशीच्या, चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. खात्याची माणसं एरवी बोलावूनही सहा महिने येत नाहीत, पण नशीब फिरलं की सरकारी गाडीसुद्धा वेळेवर येते.

बाईंनी नऊ धोंडे मोजले, त्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, खोली मोजली. प्रत्येक धोंडा बरोबर दोन हात खोल! त्यांचा आवाज कापायला लागला. "सगळे एकाच खोलीवर. मुद्दाम पुरलेले. हा काहीतरी विधी आहे. आणि ही लोखंडी तार..."

"ती नंतरची असेल," गोनारिओ घाईघाईने म्हणाला.

"नंतरचीच. कोणीतरी पवित्र जागा ओळखून खुणा करून ठेवल्यात. बेटावर असं कुठेही आढळलेलं नाही." बाईंनी गाडीतून लाल-पांढरी पट्टी काढली आणि मळ्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. "आता इथे कुदळ लावायची नाही. वसंतात माझी तुकडी येईल, मग पद्धतशीर उत्खनन करू."

"वसंतात!"

"मार्चअखेर. पाऊस लांबला नाही तर."

गोनारिओ बांधावर मटकन बसला. पट्टीच्या आत तीन तारा शिल्लक होत्या. त्यांपैकी एकीखाली त्याच्या बापाचा अंगठा होता. परवा दोन्ही गावं मेजाभोवती उभी राहणार, प्रिआमो आपला बुधला ठेवणार, आणि आपण रिकाम्या हाताने काय सांगणार? की आमची दारू आता राष्ट्रीय ठेवा झाली? त्याला हुंदकाच आला. साठी उलटलेला माणूस, पण आला.

"बाई, धोंडे माझे आहेत," तो म्हणाला.

"जमीन तुमची. जमिनीखालचं सरकारचं."

"तसं नाही. मी पुरलेत. या माणसासाठी." त्याने बोएलेकडे बोट दाखवलं. बोएलेने नम्रपणे मान झुकवली.

मग गोनारिओने सगळं सांगितलं. बापाची शेवटची भट्टी, अंजिराचं झाड, व्याह्याला दिलेला शब्द, सगळं. बेकायदा दारूची कबुली आपण सरकारी माणसापुढे देतोय याचं त्याला भानही राहिलं नाही. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी वही मिटली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तीन हजार वर्षं नाहीत."

"सत्तावीस. पुढच्या महिन्यात पुरी होतील."

"आमच्या आजोबांच्या परसात चार तारा होत्या," बाई म्हणाल्या. "आजी त्यांवर कुंड्या पालथ्या घालायची. आम्हाला सांगायची, वेलींसाठी आहेत." मग त्यांनी पट्टी सोडवायला घेतली. "पण कुदळ नको. तुम्ही दोघं बुधलाच फोडाल. बाजूला व्हा."

बाईंनी उरलेल्या तीन जागा न्याहाळल्या, माती बोटांत चोळली आणि मधली निवडली. नंतर अडीच तास त्या पोटावर झोपून छोट्या करणीने आणि रंगाच्या ब्रशने थरामागून थर काढत होत्या. बोएले मध्ये मध्ये "लागलं का?" विचारत होता आणि दर वेळी त्याला गप्प बसवलं जात होतं. साडेबाराच्या सुमारास वेताची जाळी दिसली. मग काचेचा खांदा. मग लाख, आणि लाखेवर स्वच्छ उमटलेला म्हाताऱ्या आंतिओकोचा अंगठा, पेरावरच्या जुन्या व्रणासकट.

गोनारिओने बुधला पोटाशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"विसाव्या शतकातली काच. पुरातत्त्वीय महत्त्व नाही," बाईंनी वहीत लिहिलं आणि वर पाहून विचारलं, "रविवारी जेवण किती वाजता?"

रविवारी अंगण माणसांनी फुललं. चर्चमधून वरात आली. बोनारियाने आजीचे चांदीचे कुडे घातले होते. मग कागदासारखी पातळ, कुरकुरीत कारासाऊ भाकरी आली, कणसाच्या मुरडीची कुलुर्जोनेस आली, मिर्टलच्या सुगंधी पानांवर निवत ठेवलेली प्रिआमोची पिल्लं आली, आणि गावच्या काळ्या द्राक्षांची लाल वाइन तर सुरईमागून सुरई येतच होती. मधात भिजलेल्या चीजच्या करंज्या संपल्या आणि सगळीकडे एकदम शांत झालं. मधल्या मेजावर दोन बुधले ठेवले होते. एका बाजूला सेर्रालाई उभं, दुसऱ्या बाजूला पेर्दासोले.

गोनारिओने बापाचा अंगठा सुरीने अलगद सोडवला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. बूच निघालं. त्याने छोट्या पेल्यात धार धरली. दारू आरशासारखी नितळ होती. पेला त्याने व्याह्यापुढे केला.

प्रिआमोने तो एका दमात घशाखाली उतरवला. मग काहीच झालं नाही. तो गोनारिओकडे बघत राहिला. आणि तेवढ्यात प्रिआमोने दोन्ही हातांनी मेज घट्ट धरलं, डोळे मिटले आणि जोरात खोकला.

"बाप रे बाप! व्याही, ही दारू आहे की जाळ? मेलेला माणूस उठून बसेल हो!"

सेर्रालाईवाल्यांनी आभाळ दणाणून टाकलं. गोनारिओची छाती हातभर फुगली. त्याने स्वतःसाठी पेला भरला, मनात बापाचं नाव घेतलं आणि प्यायला.

पाणी होतं. गार, गोड, थोडा मातीचा वास असलेलं. मळ्याखालच्या झऱ्याचं, ओळखू येण्याइतकं ओळखीचं.

त्याने पहिल्यांदा बोएलेकडे पाहिलं. पण बोएले नाक वर करून गोंधळल्यासारखा हवा हुंगत होता, आणि लाख तर अभंग निघाली होती. बोएलेचा यात हात नव्हता. अंगठा बापाचा होता. म्हणजे फसवणूकही बापाचीच. मामंजींबद्दल बात्तिस्तिना काय म्हणाली होती ते गोनारिओला आता, फार उशिरा, आठवलं.

पण मग हा प्रिआमो का खोकला? चारशे लोकांसमोर सेर्रालाईचं नाक कापायची तीनशे वर्षांत आली नव्हती अशी संधी याने का सोडली?

"आता आमची," प्रिआमो म्हणाला. त्याने स्वतःचा बुधला फोडला. पेला पुढे करताना त्याने गोनारिओच्या नजरेला नजर दिली नाही. गोनारिओने पेला तोंडाला लावला.

तेही पाणी होतं. पेर्दासोलेचं, जरा जड.

आता उत्तर मिळालं. या गृहस्थाने आपली दारू कधीच संपवून बुधल्यात पाणी भरलं होतं, पैज नुसत्या फुशारकीत मारली होती, आणि मघाचा तो खोकला म्हणजे आगाऊ केलेली विनवणी होती. प्रिआमोचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या मागे त्याचं अख्खं गाव मान उंचावून उभं होतं. गोनारिओने एक शब्द उच्चारला असता तर पेर्दासोले पुढची तीनशे वर्षं मान वर करू शकलं नसतं.

गोनारिओने छातीवर हात ठेवला, दोन पावलं मागे झोकांडला आणि खुर्ची धरली. "अरे देवा! घसा गेला माझा! व्याही, मानलं तुम्हाला. डावं-उजवं करताच येत नाही!"

पेर्दासोलेने टोप्या उडवल्या. प्रिआमोने त्याला अशी मिठी मारली की बरगड्या कडकडल्या, आणि कानात पुटपुटला, "उपकार विसरणार नाही."

आणि इथेच खरं संकट उभं राहिलं. चारशे माणसं रिकामे पेले घेऊन मेजाकडे सरकू लागली. सगळ्यांत पुढे बोएले.

"थांबा!" प्रिआमो ओरडला. "आमच्यात रीत आहे. लग्नातला बुधला फक्त व्याह्यांनी प्यायचा. दुसऱ्याने ओठ लावला तर नवरानवरीला अपशकुन."

"आमच्यात तर रीत याहून कडक," गोनारिओने त्याला जोड दिली. "थेंब उरता कामा नये."

"पण भावोजी, वास कसा येत नाही?" बोएले कळवळून म्हणाला.

"अस्सल मालाला वास नसतो. हो मागे!"

मग सबंध दुपारभर दोन व्याही अंगणाच्या कडेला मेज टाकून पीत बसले. पाच लिटर एकाचे, पाच दुसऱ्याचे. तिसऱ्या लिटरला त्यांना गाणं म्हणावं लागलं, कारण लोक बघत होते. पाचव्याला गळ्यात गळे घालून रडावं लागलं. दर पंधरा मिनिटांनी दोघांपैकी एक डुलत डुलत कुंपणापलीकडे जाऊन येई. "लोखंडाची माणसं आहेत," डॉक्टर देस्सी आदराने म्हणाल्या. बोनारिया घाबरून दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलवा म्हणत होती. बात्तिस्तिनाने येऊन दोघांपुढे चीज ठेवलं, नवऱ्याच्या पेल्यातला एक घोट घेतला आणि रुमालाने ओठ पुसत गेली. बायकांमध्ये जाऊन मात्र ती भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून रडतेय.

पुढच्या वर्षी बोनारियाला मुलगी झाली. द्राक्षांची काढणी आटपल्यावर दोघा आजोबांनी मिळून भट्टी लावली. दारू अशी उतरली की बोएले भल्या पहाटे आपोआप दारात हजर. त्याला एक पेला देऊन वाटेला लावलं. पहिल्या धारेची पाच लिटर बुधल्यात भरून, लाख आणि तार घेऊन दोघं मळ्यात गेले. खड्डा खणून झाला.

"बूच मारण्याआधी चव घ्यायला हवी," प्रिआमो म्हणाला. "नातीचा प्रश्न आहे."

"एकेक घोट. जास्त नाही."

एकेक घोट घेतला. प्रिआमोला शेवटी बडीशेपेची चव लागली, गोनारिओला लागली नाही. म्हणून खात्री करायला दुसरा घेतला. बडीशेपेचा निकाल लागेपर्यंत ऊन मळ्यातून उतरून पलीकडच्या डोंगरावर गेलं होतं. मग दोघांनी बुधला उजेडात धरून पाहिला. मग एकमेकांकडे पाहिलं.

"बादली आणू का?" प्रिआमोने विचारलं.

"आण. झऱ्याच्या वरच्या अंगाचं भर, तिथलं नितळ असतं."

प्रिआमो बादली भरून घेऊन आला. गोनारिओने बूच ठोकलं, लाख ओतली आणि ती ओली असतानाच आपला अंगठा दाबला. आपला बाप त्या दिवशी लाखेवर अंगठा इतका वेळ का दाबून बसला होता, आणि तेव्हा त्याच्या मिशा का हलत होत्या, ते त्याला अठ्ठावीस वर्षांनी समजलं. या खेपेला त्याने तार एकच बांधली.